बैठकीचा पत्ता

आमच्या प्रयोगशाळेत काच फुंकणारे एक कारागीर होते. निर्वात नळ्यांवर ज्यांनी काम केले आहे त्यांना अशा माणसाचे महत्त्व सांगायला नको. ज्योतीवर काचेची नळी फिरवताना दोन्ही हातांची गती अगदी सारखी असावी लागते. हात जरासा थरथरला तर जोड वाकडा बसतो आणि थंड होताना तडकतो. या गृहस्थांना सगळेजण मामा म्हणत. पुढे मामांचे हात सकाळच्या वेळी थरथरू लागले. कारण सर्वांना ठाऊक होते, पण बोलत कुणीच नव्हते.

शेवटी आम्ही एका परिचित डॉक्टरांकडून दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या बैठकीचा पत्ता मिळवला, तो चिठ्ठीवर लिहिला आणि मामांच्या हातात दिला. "मामा, गुरुवारी संध्याकाळी इथे एकदा जाऊन या." मामांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघतो, साहेब." आपण आपले काम केले असे समजून आम्हीही आमच्या कामाला लागलो.

शिक्षकांवरही असा प्रसंग येतो. एखादा मुलगा गृहपाठ करून येत नाही, वर्गात पेंगतो, आणि चौकशी केल्यावर रात्री घरात काय चालते ते कळते. कधी सहकारी शिक्षकच या पाशात सापडलेला असतो. अशा वेळी आपण पत्ता देतो. पण पत्ता दिला म्हणजे मदत झाली का? आणि अनेक प्रकारच्या बैठकांपैकी या माणसाला कोणती मानवेल, हे कसे ठरवायचे? या प्रश्नांना पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्यात काही जाणीवपूर्वक केलेले प्रयोग आहेत, तर काही नकळत झालेले.

पिणाऱ्यांचे मंडळ

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांची कथा आपल्याला माहीत आहे. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. पिणाऱ्यांसाठी नाटकात 'आर्य मदिरा मंडळ' आहे. तिथे सोबती आहेत, चर्चा आहे, एकमेकांना धरून ठेवणे आहे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो, तेव्हा मात्र त्याच्यासाठी कोणतेच मंडळ नाही. तो नोकरी शोधत जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो, अपमान घेऊन परततो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. गडकऱ्यांनी हे नाटक लिहिले तेव्हा सोडणाऱ्यांचेही मंडळ असू शकते ही कल्पना आपल्याकडे नव्हती. अमेरिकेत ती एकदा येऊन गेली होती आणि विसरलीही गेली होती.

अतिमद्यपान हा केवळ दुर्गुण नसून आजार असावा, हा विचार त्याआधीच वैद्यकात आला होता. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये कडक दारूच्या परिणामांवर निबंध लिहिला. स्कॉटलंडमध्ये शिकलेले थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ च्या आपल्या ग्रंथात अतिमद्यपानाला मनाचा आजार म्हटले. 'अल्कोहोलिझम' हा शब्द स्वीडनचे डॉक्टर मॅग्नस हस यांनी १८४९ मध्ये रूढ केला. पण आजार म्हटल्याने उपाय सापडला असे झाले नाही. पहिला मोठा उपाय डॉक्टरांना नव्हे, तर पिणाऱ्यांनाच सुचला.

बाल्टिमोरचे सहा जण

एप्रिल १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सहा मित्र नेहमीच्या गुत्त्यात बसले होते. गावात मद्यपानविरोधी व्याख्यान होते. गंमत म्हणून त्यांनी आपल्यातील काहींना ते ऐकायला पाठवले. परत आल्यावर चर्चा झाली, आणि त्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेऊन एक संस्था काढली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावावरून ती वॉशिंग्टोनियन चळवळ म्हणून ओळखली जाऊ लागली.

तिची पद्धत नवी होती. व्यासपीठावर धर्मोपदेशक किंवा डॉक्टर नसे, तर कालपर्यंत पिणारा माणूस उभा राहून स्वतःची हकीकत सांगे. दर आठवड्याला बैठक होई आणि प्रत्येकाने पुढच्या वेळी एका नव्या माणसाला घेऊन यावे अशी अपेक्षा असे. १८४१ पासून स्त्रियांच्या 'मार्था वॉशिंग्टन' संस्थाही निघाल्या. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथील वॉशिंग्टोनियन संस्थेपुढे एका तरुण वकिलाचे भाषण झाले. उपदेशकांपेक्षा सुधारलेल्या मद्यप्याचे शब्द अधिक परिणाम करतात, कारण तो वरून बोलत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्या वकिलाचे नाव अब्राहम लिंकन.

काही वर्षांतच लाखो लोकांनी शपथ घेतल्याचे सांगितले जाऊ लागले. पण १८४० चे दशक संपण्याआधीच चळवळ जवळजवळ विरून गेली. दारूबंदीचा कायदा असावा की नसावा, या राजकीय वादात ती ओढली गेली. व्यासपीठावर गाजलेले काही वक्ते पुन्हा पिऊ लागले, तेव्हा साऱ्या चळवळीचीच नाचक्की झाली. शपथ घेतल्यानंतर पुढची दहा वर्षे रोज काय करायचे, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते.

हॉटेलातला टेलिफोन

पुढचे पाऊल पडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. बिल विल्सन हे न्यूयॉर्कमधील शेअर बाजारात काम करणारे गृहस्थ दारूपायी धुळीला मिळाले होते. डिसेंबर १९३४ मध्ये ते शेवटचे रुग्णालयात दाखल झाले आणि त्यानंतर प्यायले नाहीत. त्या काळात ते 'ऑक्सफर्ड ग्रुप' नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या बैठकांना जात. पुढचे काही महिने त्यांनी दिसेल त्या मद्यप्याला उपदेश केला. त्यातला एकही सुधारला नाही. पत्नी लोईस यांनी मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून दिली. दुसरे सुधारले नाहीत हे खरे, पण या काळात बिल स्वतः प्यायले नव्हते. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. सिल्कवर्थ यांनीही सांगितले की उपदेश आवरता घ्या आणि आधी आजाराबद्दल बोला.

मे १९३५ मध्ये विल्सन व्यवसायाच्या कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी गेले. काम फसले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात ते एकटे उरले. एका बाजूला बार होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन, जवळच गावातील चर्चची यादी. विल्सन टेलिफोनकडे वळले. एकामागून एक फोन करीत ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचले आणि त्यांनी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांशी भेट ठरवली. स्मिथही दारूने पोखरलेले होते. १२ मे रोजी ते 'पंधरा मिनिटेच थांबेन' असे सांगून आले आणि सहा तासांहून अधिक वेळ बोलत बसले. आपल्याला जे भोगावे लागले तेच भोगलेला माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. त्यानंतर स्मिथ एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा प्याला घेतला. हाच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे ए. ए. या संघटनेचा स्थापनादिन मानतात.

येथे वैज्ञानिकाने थांबून पाहावे असे काहीतरी आहे. विल्सन यांनी फोन केला तो दुसऱ्याला वाचवण्यासाठी नव्हे. स्वतः न पिता राहण्यासाठी त्यांना दुसरा मद्यपी हवा होता. मदत देणारा आणि घेणारा यांत नेहमीची वरखाली पायरी इथे उरली नाही. 'समदुःखींचा आधारगट' असे आज आपण ज्याला म्हणतो, त्याचा गाभा हाच आहे.

एकच बैठक सर्वांना पुरत नाही

नवी संघटना चार वर्षांची होते न होते तोच योग्य बैठकीचा प्रश्न उभा राहिला. क्लीव्हलँड शहरातील काही मंडळी बैठकीसाठी मोटारीने ॲक्रनला जात. ती बैठक ऑक्सफर्ड ग्रुपच्या छत्राखाली चाले. त्यांच्यापैकी जे कॅथलिक होते, त्यांच्या चर्चला तो ग्रुप मान्य नव्हता. म्हणजे दारू सोडायची तर धर्म अडचणीत, आणि धर्म पाळायचा तर दारू सुटायची नाही. मे १९३९ मध्ये क्लॅरेन्स स्नायडर यांच्या पुढाकाराने त्यांनी क्लीव्हलँडमध्येच स्वतंत्र बैठक सुरू केली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे नाव घेऊन ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी भरलेली ही पहिली बैठक समजली जाते.

त्याच वर्षी संघटनेचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख होता. जिम बरवेल यांच्यासारख्या निरीश्वरवादी सभासदांनी आग्रह धरला, तेव्हा 'आम्हाला जसा उमगला तसा ईश्वर' अशी सवलत त्यात आली. १९३९ मध्येच मार्टी मान ही स्त्री बैठकांना येऊ लागली. तिथे जवळजवळ सगळे पुरुष होते, आणि बायकाही पितात हे त्यांतील अनेकांना मान्यच नव्हते. मान यांनी १९४४ मध्ये मद्यासक्तीविषयी लोकशिक्षण करणारी राष्ट्रीय समिती स्थापन केली.

पुढे प्रत्येक गटाने कसे चालावे याविषयी बारा परंपरा ठरल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या. सभासद होण्यासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट, फी नाही, बाहेरच्या वादांवर मत नाही, आणि प्रसिद्धीत नाव नाही. वॉशिंग्टोनियन चळवळ ज्या खडकांवर फुटली, तेच खडक टाळण्याची ही योजना होती.

स्त्रियांचा प्रश्न विज्ञानातही डोकावतो. ई. एम. जेलिनेक यांनी मद्यासक्तीच्या अवस्थांवर १९४६ मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी ए. ए. च्या मासिकातून प्रश्नावली काढली होती. १५८ उत्तरे आली आणि त्यांतली ९८ वापरली गेली. ती सर्व पुरुषांची होती. स्त्रियांची उत्तरे थोडी होती आणि पुरुषांपेक्षा वेगळी पडत होती, म्हणून ती बाजूला ठेवण्यात आली. मद्यासक्तीचे जे सर्वसाधारण चित्र पुढे पाठ्यपुस्तकांत गेले, त्याच्या मुळाशी हे ९८ पुरुष होते. नमुना कसा निवडावा हे शिकवताना वरच्या वर्गांत हे उदाहरण जरूर सांगावे.

१९७५ मध्ये जीन कर्कपॅट्रिक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 'विमेन फॉर सोब्रायटी' ही संघटना काढली. त्या स्वतः मद्यपाशातून गेल्या होत्या. पुरुषाचा अहंकार खाली आणणे हे एक काम झाले, पण आधीच अपराधभावनेने खचलेल्या स्त्रीला आणखी नम्र व्हायला सांगून काय होणार, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी शिकागोत ए. ए. च्या अंतर्गतच अज्ञेयवाद्यांसाठी गट निघाला. १९८० च्या दशकाच्या मध्यात जेम्स क्रिस्टोफर यांनी धर्मनिरपेक्ष गट सुरू केले, आणि १९९४ मध्ये वर्तनोपचाराच्या तंत्रांवर आधारलेली 'स्मार्ट रिकव्हरी' आली.

इतर देशांनी आपापल्या समाजाला मानवेल असे बदल केले. झाग्रेबमध्ये मनोविकारतज्ज्ञ व्लादिमिर हुडोलिन यांनी १९६४ मध्ये क्लब सुरू केले. त्यांत रुग्णाबरोबर त्याचे सारे कुटुंब बसे. जपानमध्ये १९६३ मध्ये स्थापन झालेल्या दानशुकाई संघटनेने निनावीपण सोडून दिले. तिथे सभासद स्वतःचे नाव सांगतो आणि पत्नी शेजारी बसते. ए. ए. च्या दृष्टीने निनावीपण हा पायाच आहे. जपानमध्ये त्याविना इमारत उभी राहिली.

मोजायचे कसे?

बैठकींना जाणारे अधिक प्रमाणात दारूपासून दूर राहतात, हे निरीक्षण जुने आहे. पण बैठकीमुळे दारू सुटते, की ज्यांची सुटणारच असते तेच बैठकीला जातात? वर्गात अगदी असाच प्रश्न विचारता येईल. शिकवणीला जाणाऱ्यांना गुण अधिक पडतात, ते शिकवणीमुळे की मुळात कष्टाळू मुलेच शिकवणीला जातात म्हणून? उत्तर मिळवायचे तर माणसे चिठ्ठ्या टाकून गटांत वाटावी लागतात.

अशी एक चाचणी अमेरिकेत सॅन डिएगोच्या न्यायालयात झाली आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूपायी वारंवार पकडल्या गेलेल्या ३०१ जणांना तीन गटांत वाटले. काहींना दवाखान्यात, काहींना ए. ए. कडे पाठवले, आणि काहींवर कोणताच उपचार नव्हता. पुन्हा अटक होण्याच्या बाबतीत बैठकीला पाठवलेल्यांचा काही फायदा दिसला नाही. यावरून बैठका निरुपयोगी ठरतात काय? सक्तीने धाडलेला माणूस खुर्चीवर बसतो, पण गटात सामील होतोच असे नाही. चाचणीने जे मोजले ते सक्तीचे फळ होते.

'प्रोजेक्ट मॅच' या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष १९९७ मध्ये आले. त्यात १,७२६ रुग्ण होते. वेगवेगळ्या स्वभावाच्या रुग्णांना वेगवेगळा उपचार लागू पडेल, ही अपेक्षा तपासायची होती. बहुतेक जोड्या जुळल्या नाहीत. तीनही उपचारांचा परिणाम साधारण सारखा निघाला. एक जोडी मात्र तीन वर्षांनंतर ठळक दिसली. ज्यांचे मित्र आणि सोबती पिणारे होते, त्यांना बारा पायऱ्यांच्या बैठकींकडे नेणारा उपचार अधिक उपयोगी पडला. म्हणजे आर्य मदिरा मंडळाच्या सभासदालाच दुसऱ्या मंडळाची गरज सर्वांत जास्त होती. याच माहितीचे पुढे विश्लेषण झाले तेव्हा असे दिसले की पुरुषांना बैठकीचा फायदा मुख्यतः संगत बदलल्याने होतो. स्त्रियांच्या बाबतीत मन खचलेले असतानाही न पिण्याचा आत्मविश्वास वाढणे हे अधिक महत्त्वाचे ठरते.

चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००६ मध्ये, ए. ए. चा परिणाम निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही, असा निर्वाळा दिला होता. २०२० मध्ये पुन्हा आढावा घेतला गेला. आता २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे हाताशी होती. काटेकोर चाचण्यांत असे दिसले की बैठकींशी पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षानंतर पूर्णपणे दारूविना होते. इतर मान्य उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. फरक मोठा नाही, पण बैठकीला फी नसते हे ध्यानात घेतले तर तो लहानही नाही. नव्या पुराव्यानुसार मत बदलण्याची ही रीत विज्ञानाला साजेशीच आहे.

मग ए. ए. आणि इतर संघटना यांत श्रेष्ठ कोण? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्त्रियांची संघटना, धर्मनिरपेक्ष गट आणि बारा पायऱ्यांचे गट यांची तुलना केली होती. गटात जितका मनापासून सहभाग तितका फायदा अधिक, हे सर्वत्र सारखेच दिसले. गटाच्या पाटीमुळे विशेष फरक पडत नव्हता. अर्थात यात चिठ्ठ्या टाकून वाटणी नव्हती, म्हणून निष्कर्ष जपून घ्यावा. तरी दिशा स्पष्ट आहे. माणूस ज्या गटात रमेल तो त्याच्यासाठी योग्य.

चिठ्ठीचा प्रयोग

आता आमच्या चिठ्ठीकडे येऊ. १९८१ मध्ये सिसन आणि मॅलम्स या दोघा अमेरिकी संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्ण अवघे २० होते. निम्म्यांना नेहमीप्रमाणे बैठकीची माहिती, जागा आणि वेळ दिली, आणि जाण्याविषयी सांगितले. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत सल्लागाराने रुग्णासमोरच एका जुन्या सभासदाला फोन लावला आणि दोघांचे बोलणे करून दिले. त्या सभासदाने रुग्णाला बैठकीला सोबत नेण्याचे ठरवले आणि आदल्या दिवशी आठवणही दिली. दुसऱ्या गटातील सर्वजण बैठकीला गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही.

२० माणसांचा प्रयोग लहानच म्हणायचा. पण २००६ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका उपचारकेंद्रात ३४५ रुग्णांवर याच धर्तीचा अभ्यास झाला आणि त्याचाही कल तसाच निघाला. हे वाचले तेव्हा आम्हाला मामांचा खिसा आठवला. १९३५ मध्ये विल्सन यांना जे हॉटेलात सुचले ते आम्हाला आमच्या टेबलावर टेलिफोन असूनही सुचले नव्हते.

आपल्याकडे

भारतात ए. ए. चे काम १९५७ च्या सुमारास सुरू झाले. आज महाराष्ट्रात अनेक शहरांत मराठी, हिंदी, इंग्रजीतून बैठका भरतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्याला साहाय्य होते. उपचार संपल्यावर माणूस घरी जातो तेव्हाच खरी परीक्षा सुरू होते, म्हणून तिथे पाठपुराव्याच्या गटांवर भर दिला गेला. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना लोईस विल्सन यांनी १९५१ मध्ये सुरू केली होती, आणि १९५७ मध्ये मद्यप्यांच्या किशोरवयीन मुलांचे अल-अटीन गट निघाले.

गरज मात्र फार मोठी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून होते, आणि अशा ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता.

आपल्या ओळखीच्या माणसासाठी बैठक शोधताना काही गोष्टी पाहाव्यात. पहिली भाषा. मन मोकळे करायचे ते परक्या भाषेत होत नाही. दुसरी, बैठक खुली आहे की बंद. खुल्या बैठकीला कुटुंबीय किंवा मित्र सोबत बसू शकतात, बंद बैठक फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. नव्या माणसाला सोबत द्यायची तर खुली बैठक सोयीची. तिसरी, तिथे बसणारे कोण आहेत. स्त्रीला शक्य तर स्त्रियांचा गट किंवा निदान काही स्त्रिया असलेला गट पाहावा. चौथी, अंतर आणि वेळ. पाळीत काम करणाऱ्याला गुरुवारची सातची वेळ दर आठवड्याला साधत नाही. २०२० नंतर टेलिफोन आणि संगणकावरूनही बैठका होऊ लागल्या आहेत, त्यामुळे दूरच्या गावांची थोडी सोय झाली आहे. शेवटचे म्हणजे एका बैठकीवरून मत बनवू नये. दोन-तीन ठिकाणी, प्रत्येकी दोन-तीनदा जाऊन पाहावे. एक गट मानवला नाही म्हणजे सोडण्याचा निश्चय कच्चा होता, असे समजणे अन्यायाचे आहे.

एक इशाराही द्यायला हवा. बैठक हा दवाखान्याला पर्याय नाही. दारू मज्जासंस्थेला मंदावते, आणि रोज पिणाऱ्याचा मेंदू हे मंदावणे भरून काढण्यासाठी स्वतःला अधिक उत्तेजित ठेवू लागतो. दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना उघडी पडते. सकाळची थरथर हे तिचे सौम्य रूप. तीव्र रूपात झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून जो रोज भरपूर पितो त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी, आणि बैठक त्याच्या जोडीला असावी. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे, तर मानसिक आरोग्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसचा १४४१६.

मामांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ते त्या पत्त्यावर गेले होते, हे आम्हाला दोन वर्षांनी कळले. बैठक इंग्रजीत होती. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले, कुणी काही विचारले त्याचे उत्तर देता आले नाही, आणि चहाच्या वेळी उठून निघून आले. पुन्हा गेले नाहीत. आम्हीही विचारले नाही. त्या दोन वर्षांत त्यांचा एक हात भाजला आणि ज्योतीवरचे काम त्यांच्याकडून काढून घेतले गेले. शेवटी आमच्या संस्थेची गाडी चालवणारे एक गृहस्थ एका संध्याकाळी त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "चला मामा, माझ्याबरोबर. मी आठ वर्षे जातोय." ते आठ वर्षे जात होते, हेही आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हते. ती बैठक महापालिकेच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात भरत असे. लहान बाकांवर मोठी माणसे गुडघे दुमडून बसत आणि मराठीत बोलत. मामा त्यानंतर दोनदा घसरले, पण बैठक सुटली नाही. निवृत्तीपूर्वीची चार वर्षे ते पुन्हा ज्योतीवर होते.

शिक्षकमित्रांना आमची विनंती आहे की आपल्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी अशा कोणत्या बैठका भरतात, त्यांची भाषा कोणती, वार आणि वेळ काय, खुली बैठक कोणत्या आठवड्यात असते, हे एकदा स्वतः जाऊन पाहून ठेवावे. तिथल्या एखाद्या जुन्या सभासदाशी त्याच्या संमतीने ओळख ठेवावी. बैठक नसेल आणि कुणी सुरू करू पाहत असेल, तर शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर मिळवून देता येतो का ते मुख्याध्यापकांना विचारावे. आणि कुणाला पत्ता द्यायची वेळ आली, तर त्याच्यासमोरच फोन लावावा. जमले तर पहिल्या दिवशी सोबत जावे.